चूक कोणाची, एवढेच विचारून भागणार नाही

प्रति,
मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

एखादी मोठी क्लाउड सेवा कोलमडली की दुसऱ्या दिवशी आपल्या अंकात बातमी असते. सेवा किती तास बंद होती, कोणकोणती ॲप्स ठप्प झाली, किती लोकांची कामे अडली, हे त्यात नीट दिलेले असते. मग बहुधा शेवटच्या ओळीत येते की एका कर्मचाऱ्याच्या चुकीमुळे हा प्रकार घडला. बातमी तिथे संपते. माझ्या मते ती तिथून पुढे जायला हवी, म्हणून हे पत्र.

मी एका क्लाउड कंपनीत परिचालन अभियंता आहे. लोकांच्या फायली आणि नोंदी साठवणारी यंत्रणा रात्रंदिवस चालू ठेवणे हे आमच्या टीमचे काम. ज्या आठवड्यात आपली ऑन-कॉलची पाळी, त्या आठवड्यात फोन उशाशी घेऊन झोपायचे आणि अलर्ट वाजला की काही मिनिटांत लॅपटॉपसमोर हजर व्हायचे. हे काम करताना एक गोष्ट मला पक्की पटली आहे. माणूस चुकणार, केबल तुटणार, डिस्क जाणार, हे धरूनच अशी यंत्रणा बांधायची असते. त्यामुळे ती कोलमडली की विचारायचे ते हे: एक चूक एवढ्या दूर पसरली कशी, आणि सावरायला एवढा वेळ का लागला? याची उत्तरे सेवा चालवणाऱ्यांनी लोकांसमोर लेखी मांडली पाहिजेत, आणि वर्तमानपत्रांनी ती मागितली पाहिजेत.

२८ फेब्रुवारी २०१७ चे उदाहरण घेते, कारण त्याचा अहवाल ॲमेझॉनने स्वतः प्रसिद्ध केला आहे. त्यांच्या एस-थ्री या स्टोरेज सेवेची बिलिंग यंत्रणा अपेक्षेपेक्षा संथ चालली होती. तिचा तपास करणाऱ्या टीममधल्या एकाने ठरलेल्या कार्यपद्धतीतलीच एक कमांड चालवली. तसा अधिकार त्याला होता. थोडेसे सर्व्हर बाजूला काढायचे होते. कमांडमध्ये भरलेली एक माहिती चुकली आणि बरेच जास्त सर्व्हर निघाले. टायपिंगच्या एका चुकीने इंटरनेट बंद पडले, एवढेच लोकांच्या लक्षात राहिले.

अहवाल पुढे वाचला की चित्र बदलते. निघालेल्या सर्व्हरवर आणखी दोन उपयंत्रणा उभ्या होत्या. कुठली फाइल कुठे ठेवली आहे याची नोंद एक ठेवत होती, नव्या फायलींना जागा नेमून देण्याचे काम दुसरीकडे होते. दोन्ही पूर्ण बंद करून पुन्हा सुरू कराव्या लागल्या. मोठ्या विभागांमध्ये (एका भौगोलिक प्रदेशातली डेटा सेंटर मिळून एक विभाग) हे काम कित्येक वर्षांत कोणी केलेलेच नव्हते. मधल्या काळात साठा प्रचंड वाढला होता, त्यामुळे नोंदी शाबूत आहेत ना याची तपासणी करत उभे राहायला ठरवल्यापेक्षा फार वेळ गेला. सकाळी ९:३७ ला सुरू झालेला गोंधळ दुपारी १:५४ ला मिटला. त्यातही सुरुवातीचे सुमारे दोन तास कंपनीला आपल्या सेवांची स्थिती सांगणारा डॅशबोर्ड बदलता येत नव्हता, कारण तो डॅशबोर्ड चालवणारी यंत्रणाच एस-थ्रीवर अवलंबून होती.

मग दुरुस्ती कशाची केली? सर्व्हर काढणारी ती कमांड ज्या साधनातून चालते, ते साधन बदलले. आता ते सर्व्हर हळूहळू काढते, आणि किमान लागणाऱ्या क्षमतेच्या खाली जाणारी कमांड आली तर नकार देते. शिवाय यंत्रणा लहान लहान स्वतंत्र कप्प्यांत विभागण्याचे काम पुढे ओढले, म्हणजे एक कप्पा गेला तरी बाकीचे चालू राहतील आणि एक कप्पा पुन्हा उभा करणे आटोक्यात राहील. आमच्या टीममध्ये नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला हा अहवाल आम्ही सुरुवातीलाच वाचायला देतो. त्यात कमांड चालवणाऱ्याचे नाव कुठेही नाही, आणि वाचणाऱ्याचे त्यावाचून काही अडतही नाही.

बाहेरून पाहणाऱ्याला क्लाउड म्हणजे कुठेतरी ठेवलेला एक अवाढव्य, दणकट संगणक वाटतो. प्रत्यक्षात तो हजारो साध्या संगणकांचा मेळ असतो, आणि त्यातला कुठला ना कुठला कायम आजारी असतो. वर्षाला शंभरातली एक डिस्क जाते असे धरले, तर एक लाख डिस्क असलेल्या ठिकाणी रोज दोन-तीन डिस्क जाणारच. तिथे बिघाड ही घटना नसते, दिनक्रम असतो. म्हणून प्रत्येक फाइलच्या प्रती वेगवेगळ्या मशीनवर, वेगवेगळ्या रॅकमध्ये, शक्य तर वेगवेगळ्या इमारतींत ठेवतात, आणि डिस्क गेली की कोणी उठवल्याशिवाय नवी प्रत तयार होते.

बंद पडण्याहून संथ होणे अधिक त्रासदायक. गुगलच्या जेफ डीन आणि लुइझ बरोसो यांनी २०१३ मध्ये मांडलेला एक हिशेब मी अनेकांना करून दाखवते. समजा, एक सर्व्हर शंभरातून एकदाच एका सेकंदाहून जास्त वेळ घेतो. एरवी तो उत्तमच. पण वापरणाऱ्याची एक मागणी पुरी करायला अशा १०० सर्व्हरना एकाच वेळी विचारावे लागत असेल, तर ६३ टक्के मागण्या एका सेकंदाहून जास्त रेंगाळतात, कारण शंभरातला सगळ्यात संथ जो, त्याची वाट सगळ्यांना पाहावी लागते. सुटे भाग चांगले असले तरी जोडणीतून वाईट अनुभव कसा तयार होतो, हे या एका आकड्यात दिसते.

याहून खोल अडचण आहे ती समोरचा मेला आहे की नुसता उशीर करतो आहे, हे न कळण्याची. धाडलेल्या पत्राला उत्तर आले नाही की पत्र पोचलेच नाही, पोचले पण वाचणाराच राहिला नाही, की उत्तर वाटेत गहाळ झाले, हे पाठवणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. दोन सर्व्हरमध्ये अगदी तेच होते. निरोपाला किती वेळ लागेल याची कसलीच हमी नसेल, तर एकच यंत्र मरण्याची शक्यता असतानाही सगळ्यांचे एकमत ठराविक पद्धतीने नक्की घडवून आणणे अशक्य आहे, हे फिशर, लिंच आणि पॅटरसन या संगणकशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये गणिताने सिद्ध केले. व्यवहारात आम्ही काही काळ वाट पाहून समोरचा गेला असे धरतो आणि बहुमताने पुढे जातो; पाचपैकी तीन प्रती एका बाजूला असतील तर ती बाजू खरी. पण ही वाट पाहण्याची मुदत माणसाने ठरवलेली असते. ती फार छोटी ठेवली तर जिवंत सर्व्हरला मेलेला समजून काम दुसऱ्याकडे जाते, फार मोठी ठेवली तर खरोखर मेलेल्याची सगळे वाट पाहत बसतात.

प्रोग्रॅमर आपला कोड जिथे ठेवतात त्या गिटहबवर २१ ऑक्टोबर २०१८ ला जे झाले ते इथलेच. बिघडू लागलेले एक ऑप्टिकल उपकरण बदलत असताना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मुख्य डेटा सेंटरचा संपर्क ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात स्वयंचलित यंत्रणेने बहुमत जमवून डेटाबेसचा कारभार पश्चिम किनाऱ्याकडे सोपवला. संपर्क परत आला तेव्हा पूर्वेकडे अशा काही नोंदी होत्या ज्या पश्चिमेकडे पोचल्या नव्हत्या, आणि पश्चिमेकडे नव्या नोंदी सुरू झाल्या होत्या. सर्वांत गर्दीच्या डेटाबेस समूहांपैकी एकामध्ये अशा अडकलेल्या नोंदी होत्या ९५४. सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटे लागली.

४३ सेकंदांसाठी २४ तास! ऐकणाऱ्याला हा नाकर्तेपणा वाटेल. मला तो त्यांचा सगळ्यात जबाबदार निर्णय वाटतो. त्या नोंदी सोडून दिल्या असत्या तर सेवा कितीतरी लवकर उभी राहिली असती. त्यांनी लोकांचे लिहिलेले जपायचे ठरवले आणि बॅकअपमधून कित्येक टेराबाइट माहिती परत आणण्यात वेळ घातला. सेवा किती तास बंद होती या एका आकड्यावर बातमी करणाऱ्याला हे दिसत नाही. झटपट उभी राहिलेली सेवा कधी कधी लोकांची माहिती गमावून उभी राहिलेली असते.

आता मी जवळून पाहिलेली गोष्ट. एका रात्री आमच्या एका झोनमध्ये, म्हणजे स्वतंत्र वीजपुरवठा असलेल्या डेटा सेंटरच्या एका गटात, वीजपुरवठ्यात बिघाड झाला आणि कॅशचे, म्हणजे वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवणाऱ्या तात्पुरत्या साठ्याचे, सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाले. वीज काही मिनिटांतच आली होती. कॅश मात्र रिकामी होती, त्यामुळे एरवी तिथेच भागणाऱ्या सगळ्या मागण्या थेट डेटाबेसवर जाऊन आदळल्या. डेटाबेस संथ झाला, ग्राहकांच्या प्रोग्रॅमची वाट पाहण्याची मुदत संपू लागली, आणि प्रत्येक प्रोग्रॅमने इमानदारीने पुन्हा मागणी केली. मागण्यांचा आलेख नेहमीच्या कितीतरी पट चढला आणि यशस्वी उत्तरांचा आलेख जमिनीला टेकला. डेटाबेस जिवाच्या आकांताने काम करत होता, पण त्याचे उत्तर तयार होईपर्यंत विचारणारा निघून गेलेला असे, त्यामुळे ते सगळे काम वाया जात होते. मूळ बिघाड संपला होता. यंत्रणेला खाली दाबून ठेवले होते ते तिच्यावरच्या ओझ्याने.

अशा वेळी एकच उपाय असतो, आणि तो पचायला फार कठीण: आलेल्या मागण्या दारातच नाकारायच्या. आमच्यातल्या सगळ्यात अनुभवी सहकाऱ्याने दहातल्या एकाच मागणीला आत सोडायचे ठरवले. मोठ्या ग्राहकांचे काम पाहणारे अधिकारी त्याच कॉलवर होते. मशीन सुरू आहेत तर सगळ्यांना एकदम आत घ्या, असा त्यांचा आग्रह होता, आणि त्यांच्यावरचा दबाव मला कळत होता. सहकारी बधला नाही. कॅश भरत जाईल तसे दहाचे वीस, विसाचे चाळीस टक्के करत तो गेला, आणि उजाडण्याआधी सगळे आत आले. एकदम दार उघडले असते तर पुन्हा तोच ढीग आदळला असता, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

पुन्हा पुन्हा मागणी करण्याचे गणित फार वेगाने वाढते. एकाखाली एक अशा पाच थरांच्या यंत्रणेत प्रत्येक थर तीनदा प्रयत्न करत असेल, तर वरून आलेल्या एका मागणीमागे सगळ्यात खालच्या डेटाबेसवर २४३ मागण्या पडू शकतात. म्हणून पुन्हा प्रयत्न एकाच थराने करावा, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त थांबून करावा, आणि त्या थांबण्यात थोडी अनियमितता घालावी, म्हणजे सगळे एकाच क्षणी परत येणार नाहीत. एवढी साधी काळजी नसल्याने छोटा बिघाड मोठा झालेला मी पाहिला आहे.

जगातल्या सगळ्यात मोठ्या क्लाउड कंपनीलाही हे चुकले नाही. १९ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री (अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेनुसार) ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातल्या विभागात डायनॅमोडीबी या डेटाबेसचा पत्ता डीएनएसमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांचे पत्ते सांगणाऱ्या नोंदवहीतून, पुसला गेला. हे कोणा माणसाच्या हातून घडले नव्हते. पत्ते अद्ययावत ठेवणाऱ्या स्वयंचलित प्रोग्रॅमच्या प्रतींपैकी दोन एकमेकींच्या आड आल्या. एक मागे पडली आणि तिने जुनी योजना नव्या योजनेवर लिहिली. दुसरीने सफाई करताना जुनी योजना म्हणून नेमकी तीच पुसली. पत्ताच रिकामा झाला. तो बिघाड सुमारे तीन तासांत दूर झाला. पण नवे सर्व्हर देणारी यंत्रणा त्या डेटाबेसवर अवलंबून होती, आणि डेटाबेस परत आल्यावर तिच्यापुढे इतके काम साचले की ते संपण्याआधीच त्याची मुदत संपायची आणि तेच काम पुन्हा रांगेत यायचे. अशा स्थितीतून बाहेर काढण्याची ठरलेली कार्यपद्धतीच नव्हती, असे अहवालात स्पष्ट लिहिले आहे. अभियंत्यांनी येणारे काम रोखून, काही मशीन निवडून पुन्हा सुरू करून वाट काढली. बहुतेक सगळे सुरळीत व्हायला दुसऱ्या दिवशीची दुपार उजाडली. ‘ठरलेली कार्यपद्धती नव्हती’ हे वाक्य लिहायला धैर्य लागते. मला ते वाक्य त्या अहवालातले सगळ्यात मोलाचे वाटले, कारण ते वाचून आम्ही आमच्या रनबुकमध्ये, म्हणजे बिघाडात काय करायचे याच्या लेखी सूचनांत, तेच शोधले.

बदल करण्याच्या पद्धतीबद्दलही लिहायलाच हवे, कारण चालू यंत्रणा आपण होऊन कमी वेळा पडते. बहुधा कोणीतरी काहीतरी बदललेले असते. नवा कोड आधी थोड्या मशीनवर, मग एका विभागात, मग सगळीकडे, अशी शिस्त आता बहुतेक ठिकाणी रुळली आहे. कॉन्फिगरेशन (यंत्रणेच्या सेटिंग) आणि नियमांच्या फायलींना मात्र या शिस्तीतून सूट मिळते, आणि घात तिथे होतो. असंख्य संकेतस्थळांची रहदारी आणि सुरक्षा सांभाळणाऱ्या क्लाउडफ्लेअरने २ जुलै २०१९ ला फायरवॉलचा एक नियम एकदम जगभर पाठवला. त्यातल्या एका रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे मजकुरात नमुना शोधणाऱ्या सूत्राने, सगळीकडचे प्रोसेसर शंभर टक्के गुंतवून टाकले आणि २७ मिनिटे असंख्य संकेतस्थळे दिसेनाशी झाली. १९ जुलै २०२४ ला सुरक्षा सॉफ्टवेअर बनवणाऱ्या क्राउडस्ट्राइकची सदोष फाइल एकाच वेळी सगळीकडे गेली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे विंडोजची सुमारे ८५ लाख यंत्रे बंद पडली, आणि त्यातली पुष्कळशी माणसाने समोर जाऊन उभी करावी लागली. दोन्ही ठिकाणी फाइल कोणी लिहिली हे जाणून काय हाती लागणार? ती टप्प्याटप्प्याने का पाठवली नाही, हा प्रश्न आहे, आणि दोन्ही कंपन्यांनी नंतर नेमका तोच बदल केला.

दुरुस्तीची साधने बिघडलेल्या यंत्रणेवरच अवलंबून असणे, हा असाच आणखी एक प्रश्न. फेसबुकचे जाळे ४ ऑक्टोबर २०२१ ला देखभालीच्या एका कमांडने तुटले. अशा कमांड अडवणाऱ्या तपासणी साधनात दोष होता, त्यामुळे ती अडली नाही. डेटा सेंटरशी बोलता येत नाही असे पाहून त्यांच्या डीएनएस सर्व्हरनी आपले पत्ते जगाला सांगणे थांबवले, आणि त्याबरोबर अभियंत्यांची अंतर्गत साधनेही गेली. माणसे प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावी लागली, आणि तिथली सुरक्षा इतकी कडक की आत शिरायलाही वेळ गेला. जाळे जुळल्यावर सगळा भार एकदम सोडता येईना, कारण एकेका डेटा सेंटरचा वीजवापर काही कोटी वॉटने खाली आला होता आणि तो अचानक उसळला असता तर विजेची उपकरणे धोक्यात आली असती. तिथे त्यांना कामी आले ते पूर्वी केलेले सराव. आमच्याकडेही अधूनमधून मुद्दाम एक झोन बंद करून पाहतात. तो सराव भर दिवसा, सगळे जागे आणि हजर असताना करावा, असा माझा आग्रह असतो. रनबुकमध्ये ज्याला फोन करा असे लिहिले आहे तो माणूस कधीच दुसऱ्या टीममध्ये गेलेला आहे, हे अशा सरावातच उघड होते.

बॅकअपबद्दल थोडक्यात लिहिते. गिटहबसारखीच सेवा देणाऱ्या गिटलॅबमध्ये ३१ जानेवारी २०१७ ला मुख्य डेटाबेसची फोल्डर पुसली गेली. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरली. बॅकअपच्या एकाहून अधिक पद्धती होत्या. नेहमीचा बॅकअप आवृत्ती न जुळल्याने गुपचूप अपयशी होत होता, आणि अपयशाची सूचना देणारे ईमेल नाकारले जात होते. शेवटी दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी काढलेली एक प्रत कामी आली. त्यांनी हे सगळे लोकांसमोर मांडले. अहवालात त्या अभियंत्याचा उल्लेख फक्त ‘टीम मेंबर १’ असा आहे. ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिनिधीचे मे २०२४ मध्ये गुगल क्लाउडवरचे खासगी क्लाउड पुसले गेले, कारण ते उभारताना अंतर्गत साधनातली एक जागा रिकामी राहिली होती आणि त्यामुळे त्याला आपोआप एक वर्षाची मुदत लागली. सहा लाखांहून अधिक सभासदांच्या या निधीला सावरायला दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेल्या प्रतींचीही मदत झाली. दक्षिण कोरियात डेजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला २६ सप्टेंबर २०२५ ला आग लागली, तेव्हा सरकारी कर्मचाऱ्यांच्या सामायिक साठ्यातली ८५८ टेराबाइट माहिती गेली, कारण तिची बाहेर कुठे प्रतच नव्हती. बॅकअप घेता का, असे विचारले की सगळे हो म्हणतात. शेवटचा बॅकअप परत उतरवून कधी पाहिला, असे विचारा.

आता दोष देण्याबद्दल. मला तो फक्त अन्यायाचा प्रश्न वाटत नाही. त्यातून यंत्रणा अधिक धोकादायक होते. आमच्या टीममध्ये नुकताच आलेला एक मुलगा काही दिवसांपूर्वी चॅटवर म्हणाला, ‘मी आत्ता बदल टाकला आणि त्यानंतर एरर वाढल्यात, माझ्यामुळेच असेल.’ अलर्ट वाजायच्या आत तो हे बोलला. लगेच तो बदल मागे घेतला गेला, ग्राहकांना पत्ताही लागला नाही. हेच जिथे आधी कोणाचा तरी जाहीर पाणउतारा झालेला असतो, तिथे माणूस पहिली दहा मिनिटे आपण नाही हे तपासण्यात घालवतो, आणि ही दहा मिनिटेच सगळ्यात मोलाची असतात. सेवा ९९.९९ टक्के उपलब्ध ठेवू असा करार असेल, तर वर्षभरात मिळून सुमारे ५२ मिनिटांचीच मुभा असते. त्यातली दहा भीतीत गेली तर उरले काय? दुसऱ्या एका कंपनीत, नाव लिहीत नाही, मोठ्या घटनेनंतर कमांड चालवणाऱ्याला काढून टाकले आणि साधन होते तसेच ठेवले. माझी जुनी सहकारी तिथे आहे. पुढच्या माणसाच्या हातात आज तेच साधन आहे, असे ती सांगते, आणि ती हे काळजीने सांगते.

विमान अपघातांच्या तपासाचे आंतरराष्ट्रीय नियम नागरी विमान वाहतुकीच्या शिकागो कराराच्या ज्या परिशिष्ट १३ मध्ये आहेत, त्यात तपासाचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणे हा असल्याचे नमूद आहे. दोष किंवा दायित्व ठरवणे हा त्याचा हेतू नाही. तपासाचे अहवाल उघड होतात आणि सगळे त्यातून शिकतात. क्लाउडवर आता रुग्णालये, बँका, सरकारी कचेऱ्या चालतात, तरी आमच्या क्षेत्रात अहवाल द्यायचा की नाही हे बहुधा त्या त्या कंपनीच्या मर्जीवर असते. वर ज्यांची नावे घेतली त्यांच्याबद्दल मी एवढे लिहू शकले, कारण त्यांतल्या बहुतेकांनी स्वतः अहवाल दिले. ज्यांनी काहीच सांगितले नाही त्यांच्याकडून शिकायला काही मिळत नाही, आणि त्यांच्याकडे जे घडले ते दुसरीकडे पुन्हा घडते. युरोपीय संघात डोरा हा कायदा १७ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. त्याने वित्तसंस्थांना तंत्रज्ञानातल्या मोठ्या घटना कळवणे बंधनकारक केले आणि त्यांना सेवा देणाऱ्या महत्त्वाच्या क्लाउड कंपन्यांवर देखरेखीची सोय केली. माझ्या मते पुढचे पाऊल असे हवे, की लोकांचा पैसा, आरोग्य किंवा सरकारी कागदपत्रे ज्या सेवेवर अवलंबून आहेत तिच्या मोठ्या घटनेचा अहवाल जनतेला वाचता आला पाहिजे. नियामकाच्या कपाटात तो राहिला तर दुसऱ्या अभियंत्यांना त्याचा उपयोग नाही.

आपल्या वार्ताहरांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी कंपनीच्या प्रवक्त्याला हे विचारा: हा बदल टप्प्याटप्प्याने गेला होता का, आणि कुठल्या टप्प्यावर तो थांबायला हवा होता? एका विभागातला बिघाड दुसऱ्या विभागात का गेला? मूळ बिघाड कधी मिटला आणि सेवा कधी पूर्ववत झाली, आणि मधल्या वेळात काय अडले होते? कोणाच्या नोंदी गेल्या का? पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करण्याचा सराव शेवटचा कधी केला होता? अहवाल कधी देणार? यातल्या कुठल्याही प्रश्नाला तांत्रिक पदवी लागत नाही, आणि ‘मानवी चूक’ एवढे उत्तर यातल्या कुठल्याच प्रश्नाला पुरत नाही.

आणखी एक मागणे संपादक म्हणून आपल्याकडे. घटनेची बातमी दुसऱ्या दिवशी येते, अहवाल मात्र काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी येतो. तोवर विषय मागे पडलेला असतो. त्या अहवालावर दुसरी बातमी करावी. तिला पहिले पान नको, आतल्या पानावरचे दोन कॉलम पुरतील. त्यात काय बदलले आणि काय बदलायचे राहिले, एवढे छापून आले तरी कंपन्यांना अहवाल लिहिताना हात आखडता घेणे अवघड जाईल.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक परिचालन अभियंता
(नोकरीच्या अटींमुळे नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)